अष्टमीचा चिखल

१

पुंजाराम तांडेल सातपाटीच्या खाडीकाठी आपल्या खोपीत मेलेला सापडला, तेव्हा दामू त्याच्या उशाशी बसून गुणगुणत होता.

सासष्ट सालचा दसरा दोन दिवसांवर आलेला. अश्विनातली अष्टमी, दुपारचे साडेबारा. पुंजारामची भावजय गोदूबाई त्याला जेवायला बोलवायला गेली, तर तो अर्धवट विणलेल्या जाळ्यावर पालथा पडला होता. डोक्याला मागून जखम. दामूचे दोन्ही तळवे रक्ताने भरलेले, आणि तो झावळीच्या तुकड्याने पुंजारामच्या अंगावरच्या माश्या वारत होता. गोदूबाईने किंकाळी फोडली. वाळूवर दोर वळत बसलेला डोंगराकडचा मजूर बुधा धावत आला. पाठोपाठ खाडीकडून पुंजारामचा पुतण्या, दुसऱ्या भावाचा मुलगा रामू आला, मांड्यांपर्यंत चिखलाने माखलेला. खाडीत जाळी बांधायला रोवलेल्या खुंटांवर कामाला गेलो होतो, म्हणाला. पोलीस आले, त्यांनी सगळ्यांचे हात पाहिले आणि दामूला उचललं.

यातलं मी डोळ्यांनी काहीच पाहिलं नाही. मी दत्तात्रय सावे, तेव्हा पालघरच्या फौजदारी कोर्टात कारकून होतो. दुपारी आमच्या कोर्टाची कौलं तापायची, साक्षीदारांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे लांबून यायचे, आणि मी टाक चालवत अर्धा झोपेत असायचो. बायको म्हणायची, तुम्ही पुरते जागे असता ते फक्त पानावर बसल्यावर. पंचनाम्याची नक्कलही मी त्याच तंद्रीत उतरवली. खोपीत तुटलेलं भांडं नाही. जाळ्याला वजन म्हणून बांधायच्या भोकाच्या दगडांपैकी एक जागेवर नाही. आरोपीचे हातास रक्त, पायांस कोरडी वाळू, कपडे कोरडे. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं आणि पुढचा कागद ओढला.

दामूला मी ओळखत होतो. त्याची आई काशीबाई पालघरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि आमच्या घरी बोंबील तिच्याकडूनच यायचे. दामू अठ्ठावीस वर्षांचा, अंगाने थोराड, पण मन तिसऱ्या वर्षाशी थांबलेलं. पाचपंधरा शब्द बोलायचा, तेही तुटक, बोबडे. गावात त्याला वेडा कोणी म्हणत नसे. काशीबायचा दामू, एवढंच. पुंजाराम त्याला रोज खोपीत बसवून घ्यायचा, सुतळीचं गुंडाळं त्याच्या दोन हातांत धरायला द्यायचा. दामू त्याला बाबा म्हणायचा.

असल्या माणसाने बाबाला का मारावं? हा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत पडला होता. अकरा वाजता दामूने कबुली दिली.

२

ती कबुली माझ्या हस्ताक्षरात आहे. म्हणून तर हे सगळं सांगतोय.

पोलिसांनी त्याला नवमीला सकाळी आमच्या तेव्हाच्या साहेबांपुढे आणलं. कबुली देण्याआधी आरोपीला विचार करायला वेळ द्यावा लागतो. साहेबांनी अर्धा तास दिला. त्या अर्ध्या तासात दामू भिंतीवरच्या पालीकडे बघत बसला. मग अडचण आली की हा काय बोलतो ते कोणाला कळेना. काशीबाई दारातच उभी होती. "मना कलतं साहेब, मी सांगतो तो काय बोलतो ता," म्हणाली. साहेब म्हणाले, आई नको, आई मुलाच्या बाजूने बोलणार. मग रामू पुढे झाला. दामू लहानपणापासून त्याच्या डोळ्यांसमोर होता, त्याचं बोलणं त्याला कळत होतं, आणि मयताचा पुतण्या असल्यामुळे तो आरोपीची बाजू घेईल ही भीती नव्हती. साहेबांना हे फार न्यायाचं वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं.

रामूने शपथ घेतली. साहेब विचारत, रामू दामूच्या कानाशी वाकून विचारी, दामू काहीतरी पुटपुटे, रामू आम्हाला सांगे, मी लिही. 'काका मला ओरडले. मला राग आला. मी जाळ्याचा भोकाचा दगड उचलून त्यांचे डोक्यात मारला. नंतर तो दगड काकांच्या खुंटांपैकी तिसऱ्या खुंटाच्या बुडाशी चिखलात पुरला.'

दोन वाजता पोलीस सातपाटीला पोचले. ओहोटी होती. रामू चिखलात उतरला आणि तिसऱ्या खुंटाच्या बुडाशी हात घालून त्याने दगड वर काढला. दगडाच्या भोकात केस अडकलेले होते.

मग शंका कसली राहिली? ज्याने दगड पुरला त्यालाच जागा ठाऊक, आणि जागा दामूच्या तोंडून आली. संध्याकाळी मी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवले तेव्हा ते म्हणाले, "सावे, इतकी स्वच्छ केस वर्षात एखादीच मिळते." आठवड्याने त्यांची बदली झाली आणि रेगेसाहेब आले. दामू कच्च्या कैदेत राहिला.

३

महिन्याने काशीबाई बाजारातून उठून थेट माझ्या घरी आली. बोंबलांची पाटी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि जमिनीवर बसली.

"सावेभाऊ, तुमी लिवलाव ना ता?"

मी मान हलवली.

"मंग तुमीच सांगा आता काय करू ता."

मी तिला वामनराव चुरींकडे नेलं. चुरीवकील साठीचे, उमरोळीचे. रोज गाडीने पालघरला यायचे, गुडघा दुखरा म्हणून जिना चढताना दोनदा थांबायचे. आवाज कधी चढला नाही, कोर्टात डोळे मिटून बसायचे, आणि नवखे वकील त्यांना झोपलेलं समजून तोंडघशी पडायचे. त्यांच्या वाडवडिलांची मिठागरात हयात गेली होती. त्यांनी काशीबाईचं सगळं ऐकून घेतलं आणि कायदा समजावून सांगितला.

ठाण्याहून सरकारी डॉक्टर येऊन दामूला तपासून गेले होते. त्यांनी लिहिलं होतं की हा वेडा नव्हे, याच्या मनाची वाढ खुंटलेली आहे. कायद्यात वेड्यासाठी एक दार होतं आणि शहाण्यासाठी एक. दामूसारख्यांसाठी मध्ये एक फट होती: वेडा नाही पण कामकाज समजत नाही, अशावर खटला चालवावा, आणि दोषी ठरला तर कागद हायकोर्टाकडे पाठवावेत. म्हणजे ज्याला समजत नाही त्याला उभा करायचा, आणि ज्यांना समजतं त्यांनी मागाहून विचार करायचा. सरकारी वकिलांचं म्हणणं होतं की सरळ वेडाचा अर्ज द्या, फाशी टळेल, इस्पितळात राहील.

"कवर ऱ्हाईल?" काशीबाईने विचारलं.

"बरा होईपर्यंत."

"बरा व्हायला तो आजारी हाय कुटं?" ती म्हणाली. "फाशी नको नि इस्पितल बी नको. मी अजून दहा वर्सां जगन, बारा जगन. तवर माजा दामू माज्या घरात जेवला पायजे. मंग पुढचा देव बगल."

चुरींनी डोळे मिटले. मला वाटलं आता नाही म्हणतील. फक्त कबुलीवर नाही, कबुलीतून सापडलेल्या दगडावर ही केस उभी होती, आणि दगडाला उलटतपासणी करता येत नाही.

"पंचांग आहे का घरात, सावे?" डोळे न उघडता त्यांनी मला विचारलं. "पुढची अष्टमी कधी आहे, बघा."

४

कार्तिक वद्य अष्टमी रविवारी आली. आम्ही एस.टी.ने सातपाटीला गेलो. कोर्टाच्या कारकुनाने आरोपीच्या वकिलाची बॅग धरून हिंडणं नियमात बसत नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, आपण सुके बोंबील आणायला चाललोय.

ती दुपार मला अजून दिसते. ऊन पांढरं, हवा थांबलेली, आणि सगळं गाव जमिनीपासून वीतभर वर तरंगत असल्यासारखं. बांबूंच्या परांच्यांवर बोंबील टांगलेले, त्यांच्या सावल्यांच्या जाळीतून बायका येत-जात होत्या आणि कोणाच्याच पावलांचा आवाज होत नव्हता. पलीकडे खाडी ओसरली होती. मैलभर चिखल चकाकत होता, त्यात खुंटांच्या रांगा, पहिले तीन-चार चिखलात आणि पुढचे पाण्यात उभे. त्या सगळ्या विस्तारात एक माणूस नव्हता. बगळे तेवढे होते.

गोदूबाई परांच्यांखाली बसली होती. माझा पहिला संशय तिच्यावर होता. परांच्यांच्या जागेवरून तिचं आणि पुंजारामचं आठवडाभर भांडण चाललं होतं, हे पंचनाम्यातच होतं. चुरींनी विचारताच तिने ते लपवलं नाही.

"भांडलो ना. रोज भांडायचो. दिराशी नाय भांडायचा त कोनाशी?" ती म्हणाली. "पन त्या दिशी सकालपासून मी हितंच बोंबील टांगीत व्हतो. चालीस बायका व्हत्या. ईचारा."

"इथून खोप किती लांब?"

तिने बोट दाखवलं. वीस पावलं असेल, पण खोपीचं दार पलीकडे, खाडीच्या बाजूला होतं.

"मग काही ऐकलंत?"

"दामूची गुनगुन. दहा वाजल्यापून चालू व्हती, रोजच्यासारी. बारा वाजायच्या आत पुंजारामाचा आवाज चढला, पन तो कवा चढत नसं? मंग गुनगुन थांबली वायच. मंग लय मोठ्यानं सुरू झाली. दामूला भ्या वाटला का तो मोठ्यानं करतो. मी जाईसतवर थांबली नाय."

चुरी खाडीकडे वळले. मग सहज म्हणाले, "आज खुंटांवर कोणी दिसत नाही."

गोदूबाई हसली. "तुमी उमरोलीचं ना, वकीलसायेब? आज अष्टमी हाय. भांग हाय. पानी धड चढत नाय नि धड उतरत नाय. खुंटाचा काम अमावस-पुनवेचं, पानी पार तलाशी जातं तवा. भांगाला कोन जातो चिखल तुडवायला?"

भांग म्हणजे समुद्राच्या सुस्तीचे दिवस, एवढं मलाही ठाऊक होतं. पण माझं लक्ष बोंबलांवर होतं. चुरींनी मात्र टोपी काढून पुन्हा घातली. त्यांची ती सवय मी कोर्टात पाहिलेली होती, आणि ती ते उगाच करत नसत.

दुसरा संशय बुधावर. त्याला दोन दिवस आधी पुंजारामने थोबाडीत दिली होती. तो आम्हाला वाळूवरच भेटला, दोर वळत.

"मारली खरी," बुधा म्हणाला. "दोर कच्चा वळला व्हता मी. मंग संध्याकाळी तेनंच मना ताडी पाजली. तेचा मनात काय नसं. तेवढा रामूवर मातर घुश्शात व्हता."

"कशापायी?"

"दसऱ्याला होडीची पूजा करून सुकानू कमलाकांताचे हाती देनार व्हता. कमलाकांत म्हंजे तेचे बहिनीचा पोर. रामू पंधरा वरसां तेचे होडीवर. तेला वाटं, आता होडी चालवनारा तांडेल मीच."

चुरींनी बुधाला विचारलं, तू त्या तिसऱ्या खुंटापर्यंत जाऊन दाखवशील का. बुधाने कानाला हात लावला. "मी डोंगरातला मानूस. ते चिखलाखाली शिंपल्यांची घट वाट हाय, ती ज्याचे खुंट तेलाच ठावी. कोन कोनाला दावत नाय. चुकला तो कमरेपर्यंत गेला."

"सावे," चुरी म्हणाले, "तुम्ही जरा उतरता का?"

मी धोतर खोचलं आणि उतरलो. चौथ्या पावलाला उजवा पाय गुडघ्याच्या वर गेला, आणि डावा त्याच्या मदतीला गेला. बुधाने दोर टाकून मला ओढून काढलं. परांच्यांखालून चाळीस बायका हसल्या. चुरी हसले नाहीत. त्यांनी घड्याळ काढलं आणि माझ्या पायांकडे बघत बसले. अर्ध्या तासाने चिखल वरून पांढरा पडला, पण निघेना. विहिरीवर चार बादल्या ओतल्या तेव्हा कुठे माझे पाय मला ओळखू आले, आणि धोतर तर वाया गेलं ते गेलंच.

"आता पंचनामा आठवा," चुरी म्हणाले. "दामूचे पाय कसे होते?"

कोरडी वाळू. कपडे कोरडे. माझ्याच हाताने उतरवलं होतं.

५

परतीची गाडी यायला वेळ होता. आम्ही वडाखाली बसलो.

"दामू खोपीतून हललाच नाही," चुरी म्हणाले. "गुणगुण चालू होती, पाय कोरडे होते. दीडशे पावलांवरच्या खुंटापाशी पाच-सहा किलोचा दगड कोणी फेकू शकत नाही. मग तो पुरला दुसऱ्या कोणीतरी. बरोबर?"

"बरोबर. पण वामनराव, मग दामूला जागा कशी कळली? खोपीतून तिसऱ्या खुंटाचं बूड दिसत नाही, मध्ये होड्या ओढलेल्या आहेत."

"तोच प्रश्न. नवमीला अकरा वाजता जगात एकाच माणसाला ती जागा ठाऊक होती, ज्याने दगड पुरला त्याला. आणि तुम्ही ती अकरा वाजता लिहून घेतलीत. सांगा, ते वाक्य तुम्ही कोणाच्या तोंडून ऐकलंत?"

मला ते कोर्ट दिसलं. तापलेली कौलं, पाल, रामूचं वाकणं. तंद्रीत असलो तरी कान माझेच होते. दामू बोलला होता ते तीनच शब्द होते आणि तेच तो फिरून फिरून बोलत होता. बाबा. नीज. माशी. रामू मात्र सलग, शुद्ध, दम न खाता बोलत होता, आणि मी ते रामूच्या तोंडून घेऊन दामूच्या नावावर लिहीत होतो. तीन शब्दांचं अर्धं पान कसं झालं, हे मी स्वतःला विचारलंसुद्धा नाही. लिहायला सोपं जात होतं ना, मग कशाला विचारतोय!

हे मी चुरींना सांगितलं. सांगताना मला आपली लाज वाटली.

"खाली तुम्ही काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"आरोपीच्या शब्दांत नोंदवले, असं."

"ते खोटं होतं, असं पिंजऱ्यात उभं राहून सांगाल? नोकरी जाऊ शकते, सावे."

एस.टी. आली. मी त्यांची बॅग उचलली.

६

चौकशी रेगेसाहेबांपुढे उभी राहिली. केस ठाण्याच्या सेशन्स कोर्टात पाठवायची की नाही, एवढंच ठरायचं होतं. दामू पिंजऱ्यात खाली बसला होता, गजांना गाल लावून. काशीबाई दाराशी.

चुरींनी रामूला बोलावलं. तो तिशीतला, देखणा, इस्त्रीचा सदरा घालून आलेला.

"अष्टमीला दुपारी तू कुठे होतास?"

"खुंटावर. दोर बदलीत व्हतो."

"कितव्या खुंटाचे?"

"पाचव्या."

"बुडाचे?"

"व्हय. बुडाचंच बदलतात."

चुरी साहेबांकडे वळले. "साहेब, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आमच्या मिठागरात पोरं चालायच्या आधी हे शिकतात. अष्टमीची भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराला. इथवर रामू बरोबर आहे. पण अष्टमीला भांग असतो. पाणी पुरतं ओसरत नाही. पाचव्या खुंटाचं बूड त्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात असतं. तिथले दोर कोणी बदलत नाही, बदलता येत नाहीत. बाहेर गोदूबाई आणि सातपाटीचे दोन तांडेल बसले आहेत, त्यांना विचारावं. सगळ्या गावाला ठाऊक असलेली ही गोष्ट गावाला कोणी विचारली नाही, आणि पोलीस घाटावरचे." ते पुन्हा रामूकडे वळले. "तू त्या दिवशी चिखलात होतास, हे खरं आहे. सगळ्यांनी तुला माखलेला पाहिलं. पण खुंटांवर काम नसलेल्या दिवशी तू चिखलात काय करत होतास?"

रामूची नजर दामूकडे गेली. पंखा फिरत होता. दामूने गुणगुणायला सुरुवात केली.

"मारणारा पुतण्या असता तर त्याने स्वतः जागा सांगून दगड कशाला दिला असता?" सरकारी वकील उठून म्हणाले.

"अति तेथे माती," चुरी म्हणाले. "नुसती कबुली असती तर साहेबांनी विचारलं असतं, या लेकराला काय कळतं? दगड निघाल्यावर कोणी काही विचारलं नाही. सरकारी वकील म्हणतात, जागा सांगणाऱ्याला जागा ठाऊक होती. मी शंभर टक्के सहमत आहे. ती कोणी सांगितली, एवढंच आता बघायचंय. माझा पुढचा साक्षीदार कोर्टाचे कारकून सावे."

मी जागेवरून उठलो. रोज ज्या पिंजऱ्याकडे बघत लिहायचो, त्यात चढायला तीन पायऱ्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मी सगळं सांगितलं. तीन शब्द, आणि अर्धं पान.

"खाली तुम्ही 'आरोपीच्या शब्दांत' असं लिहिलंय," सरकारी वकील कडाडले. "तेव्हा खोटं लिहिलंत की आज खोटं बोलता?"

"तेव्हा," मी म्हणालो.

रेगेसाहेबांनी टाक खाली ठेवला. मग त्यांनी जे केलं ते आधीच्या साहेबांनी करायला हवं होतं. त्यांनी काशीबाईला आत बोलावलं, पिंजऱ्यापाशी बसवलं आणि तिच्याकरवी दामूला विचारलं, बाबा कुठे आहे. दामू बोलला. काशीबाईने पदराने तोंड पुसलं.

"बाबा निजलाय, असा बोलतो साहेब. माशा बसतात, असा. दुसरा काय नाय बोलत."

"आणि बाबाला कोणी मारलं, विचारा."

काशीबाईने विचारलं. दामूने रामूकडे पाहिलं, दोन्ही हातांनी कान झाकले आणि मोठमोठ्याने गुणगुणू लागला. ते कायद्यात पुरावा होत नाही. पण रामूला तो आवाज सहन झाला नाही. त्याने तो आवाज खोपीत ऐकलेला होता.

"थांबवा त्याला," तो म्हणाला. "थांबवा ना! मी मारायला नव्हतो गेलो. सुकानू कमलाकांताला नको देऊ, इतकाच सांगायला गेलतो. तो बोलला, तुजा हात जड हाय, होडी बुडवशील. नि पाठ फिरवलीन." तो कठड्याला धरून उभा होता. "दामू तितंच बसलेला. मना वाटला, त्याला कुटं काय कलतं. फाशी काय नि घर काय, त्याला सारकाच."

मला राग यायला हवा होता. आला नाही. नवमीला अकरा वाजता मलाही नेमकं तेच वाटलं होतं, म्हणूनच माझा हात इतका सरळ चालला.

७

रेगेसाहेबांनी दामूला सोडलं. निकालात त्यांनी लिहिलं की ज्या आरोपीची भाषा कोर्टाला कळत नाही, त्याच्यासाठी बोलणारा कोण आहे हे कोर्टाने आरोपीइतकंच तपासून घ्यावं. माझ्यावर दोन ओळी होत्या, एक कडक आणि एक बरी. नोकरी राहिली, बढती गेली. रामूचं पुढचं ठाण्याला चाललं.

दामूला सुटका समजली नाही. शिपायाने पिंजरा उघडला तरी तो बाहेर येईना. सात आठवड्यांत त्याला कळलेलं एवढंच होतं की कोणी ओढल्याशिवाय उठायचं नाही. शेवटी काशीबाई आत गेली, थोडा वेळ त्याच्याशेजारी बसून राहिली, आणि मग दोघं मिळून उठले. चुरी तोवर पुढच्या केसचे कागद चाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण टोपी काढून पुन्हा घातली.

पंधरा दिवसांनी मी निकालाची नक्कल घेऊन सातपाटीला गेलो. कोणी पुन्हा काही म्हणालंच तर दाखवायला काशीबाईच्या घरी कागद असावा, असं मला वाटलं. खरं म्हणजे मला माफी मागायची होती आणि हातात काही असल्याशिवाय ते जमलं नसतं.

दामू अंगणात भाकरी खात बसला होता. अंगावर धुतलेला सदरा, केसांना तेल. त्याने मला ओळखलं नाही. मी काशीबाईला देण्यासाठी कागद उलगडला, आणि दामूने भाकरी खाली ठेवली. हात सदऱ्याला पुसला. मग डावा अंगठा काढून माझ्यापुढे धरला, सरळ, न हलवता.

"कागद दिसला का असाच करतो," काशीबाई म्हणाली. "तितं रोज अंगठा घ्यायचं म्हनं. ठानं, तुरुंग, डाक्टर, कोरट. परवा शालेच्या मास्तरांनी पेपर उघडला, तर त्यांच्या म्होरं बी."

मी कागद घडी करून खिशात ठेवला. अंगठा तसाच पुढे होता, आणि दामू माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता.